घाई करू नये

गुरुवार. वारज्यात पाणी नाही,
म्हणजे कपडे नाहीत, फरशी नाही,
सकाळ अचानक मोकळी.
लॅपटॉपच्या आत एक खोली काढली:
दोनशे छप्पन्न एमबी मेमरी, दोन जीबी डिस्क,
आवाजाचं कार्ड नको,
खिडकी एकच, सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी.
सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे तेव्हा
मलाही साधारण एवढंच मिळालं होतं.

सीडी टिळेकरांची.
पौड रस्त्यावरचं ते ऑफिस, साल दोन हजार एक,
जिन्याखाली सर्व्हर, सर्व्हरवर चहाचा थर्मास.
नोकरी सोडली त्या दिवशी त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.
वर निळ्या मार्करने: चालते. घाई करू नये.
मी तेवीस वर्षं घाई केली नाही.

ही सिस्टीम कोणी वापरत नाही.
म्हणजे असतील जगात काही शे माणसं,
एकमेकांना आडनावाने ओळखणारी.
मुलगा दात घासता घासता वाकून बघून गेला.
हिच्यावर चालतं काय?
म्हटलं, ही स्वतः चालते, तेवढं पुरे.

पण चालेना.
पहिल्या खेपेला डिस्क सापडली नाही. दुसऱ्याही.
काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ
आणि शेवटी लुकलुकणारा कर्सर;
नळ सोडून ठेवावा, आलं की कळेल, तसा मी तो सोडून ठेवला
आणि कालच्या भाताला फोडणी दिली.
मोहरी तडतडताना सुचलं:
मी तिला आजची डिस्क दाखवतेय.
साटा तिला माहीतच नाही, तिच्या जन्मी नव्हती.
गॅस बंद करून आले, आयडीई केली,
नेटवर्क कार्डही केव्हाच बंद झालेल्या मॉडेलचं सोंग घेणारं,
आणि ती आली.

खोटं बोलूनच आणली म्हणायची.
ती एकेक विचारत गेली, यजमान हो म्हणत गेला,
स्थळ बघायला गेलेल्यांना सांगतात तसं:
हो, जागा स्वतःची. हो, एकटाच आहे.

या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. नक्की?
या डिस्कवर काही नव्हतं. कधीच नव्हतं.
तरी बोट वाय वर जरा थांबलं.

मग शहर विचारलं. यादीत पुणे नाही, मुंबईही नाही.
आशिया, त्याखाली कलकत्ता, जुन्या स्पेलिंगचं.
वारज्यातला गुरुवार मी कलकत्त्याच्या खात्यावर टाकला.
मशीनचं नाव? हडपसर. टिळेकर तिकडचे.

बहात्तर टक्क्यांवर वीज गेली.
पंखा रेंगाळत थांबला,
खालच्या सोनटक्क्यांचा मिक्सर अर्ध्या चटणीत गप्प.
ती मात्र त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर.
तिच्या घरात वीज जातच नाही.

शेवटी राखाडी पडदा. एक घड्याळ, एक कॅल्क्युलेटर,
आणि एक फोल्डर, उघडलं तर रिकामं.
माऊसचा बाण आत गेला तो बाहेर येईना.
उजवा कंट्रोल दाबला की सुटतो, मला माहीत होतं.
लगेच दाबला नाही.

टिळेकरांना फोन लावला.
मांजरीला गुलाबांची नर्सरी आहे त्यांची आता,
पलीकडे पाईपातून पाणी पडत होतं, भरपूर.
चालली, म्हटलं.
कोण?
निळ्या मार्करची.
पाण्याचा आवाज बंद झाला. मग:
डिस्क लगेच सापडली?
नाही.
हां. आणि आता काय करणार तिच्यावर?
काही नाही.
मग बरोबर आहे, म्हणाले, आणि पाणी पुन्हा सुरू.

बॅटरी अकरा टक्के.
तिला बंद नाही केलं, आहे तशी थांबवून ठेवली,
बारा वाजून सात मिनिटांवर.
वीज आली, सोनटक्क्यांची उरलेली चटणी झाली,
संध्याकाळी नळाने आधी नुसती हवा सोडली, मग पाणी.
तिच्याकडे अजून बारा सात.